फावल्या वेळांतील आज्ञावली : कांहीं अनुभवाचे बोल

संगणक शाळेच्या कचेरींत येऊन आतां बरींच वर्षें झालीं. हजेरी, फी, गुणपत्रकें, दाखले हीं सर्व कामें त्याच्यावर होऊं लागलीं आहेत, आणि आमच्या विद्यार्थ्यांस तर तो घरांतल्या वस्तूंइतका परिचयाचा झाला आहे. परंतु तयार संगणकाकडून काम करवून घेणें निराळें, आणि तें काम त्यानें कसें करावें हें आपण स्वतः लिहून देणें निराळें. ह्या दुसऱ्या गोष्टीस प्रोग्रॅम, म्हणजे आज्ञावली, लिहिणें असें म्हणतात. आमच्या वरच्या वर्गांतील कित्येक मुलांमुलींस ह्या विद्येची गोडी लागली आहे, व त्यांचे पालक आम्हांस वारंवार विचारतात कीं, ह्यांत शिकण्याजोगें आहे तरी काय? त्या प्रश्नाचें उत्तर आमच्या अनुभवावरून देण्याचें ह्या लेखांत योजिलें आहे.

आम्ही पेशानें शिक्षक आहों. संगणकशास्त्राची पदवी आमच्यापाशीं नाहीं. तास संपल्यावर आणि वह्या तपासून झाल्यावर जो फावला वेळ उरे, त्यांत आम्ही पायथॉन नांवाची भाषा शिकलों. ग्विडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थानें ती १९९१ सालीं प्रसिद्ध केली, व ती कोणासही विनामूल्य मिळते. तिच्या साहाय्यानें आम्हीं कचेरीसाठीं एक लहानशी आज्ञावली तयार केली. ती इंटरनेटवर चालत नाहीं; कचेरींतील मेजावरच्या एका जुन्या संगणकावर असते, आणि जनरल रजिस्टर, परीक्षांचे गुण व दाखले एवढेंच पाहते. ती लिहितांना आमच्या हातून ज्या चुका घडल्या, त्यांनींच आम्हांस शिकविलें. त्या चुका लपवून ठेवण्यापेक्षां सांगितलेल्या बऱ्या, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांस त्या पुन्हां कराव्या लागणार नाहींत.

१. आधीं पाहावें, मग लिहावें. आज्ञावली लिहावयाची म्हणजे लगेच कळफलकावर बोटें ठेवावयाचीं, असा नवशिक्याचा समज असतो, आमचाही होता. प्रवेश जून महिन्यांत होतात आणि दाखले मे महिन्यांत दिले जातात, असें गृहीत धरून प्रत्येक मुलाच्या नांवापुढें आम्हीं एक प्रवेशाची व एक शाळा सोडल्याची अशा दोन तारखांस जागा ठेविली. आज्ञावली तयार झाली, आणि पहिल्याच वर्षीं ती अडली. आपल्या जिल्ह्यांत पाथर्डी, शेवगांव ह्या बाजूंचीं पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं साखर कारखान्यांकडे जातात, व गळीत हंगाम संपल्यावर परत येतात. त्यांच्याबरोबर कांहीं मुलें दाखला घेऊन जातात आणि पुन्हां येऊन आपल्याच शाळेंत बसतात. अशी एक मुलगी परत आली तेव्हां आमच्या आज्ञावलीपुढें दोनच मार्ग होते : जुनी नोंद पुसून टाकावी, किंवा त्याच मुलीची दुसरी नोंद करावी. आम्हीं दुसरा मार्ग पत्करला. तें पाहून कचेरींतले भाऊसाहेब म्हणाले, "सर, पोरगी एकच आहे. दोनदां आली म्हणून दोन कशा होतील?"

भाऊसाहेबांनीं एका वाक्यांत जें सांगितलें, तें मोठमोठ्या ग्रंथांत अनेक पानें भरून सांगितलेलें असतें. व्यक्तीची नोंद एकदांच करावी. तिच्या आयुष्यांत घडणाऱ्या गोष्टी निराळ्या तक्त्यांत लिहाव्या, आणि दोहोंची गांठ एका क्रमांकानें घालावी. मग मूल शाळेंत चार वेळां आलें व गेलें, तरी मूल एकच राहतें आणि त्याचा सर्व इतिहासही राहतो. आम्हीं आज्ञावलीचा अर्धा भाग मोडून पुन्हां लिहिला. त्यानंतर तीन दिवस भाऊसाहेबांच्या शेजारीं नुसते बसून त्यांचें काम पाहिलें व वहींत टिपून घेतलें. हे तीन दिवस आरंभींच दिले असते, तर आमचे दोन महिने वांचले असते.

२. एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी. आपल्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहमदनगर होतें तें अहिल्यानगर झालें. आमच्या आज्ञावलींत जिल्ह्याचें नांव अकरा ठिकाणीं लिहिलेलें होतें : दाखल्याच्या मथळ्यावर, गुणपत्रकावर, पावतीवर, आणि कोठें कोठें. त्या आधीं २०२३ सालीं औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचें धाराशिव झालें होतें. तेवढ्यावरून आम्हीं सावध व्हावयास हवें होतें, पण झालों नाहीं. अकरांपैकीं दहा ठिकाणीं नांव बदललें, आणि अकरावें राहून गेलें. जी गोष्ट बदलूं शकते ती आज्ञावलीच्या आरंभीं एकदांच लिहावी, व बाकी सर्वत्र तिचा नुसता निर्देश करावा. शाळेचा पत्ता, मुख्याध्यापकांचें नांव, उत्तीर्ण होण्यास लागणारे गुण, हीं सर्व ह्याच जातीचीं होत.

परंतु ह्याच प्रसंगीं आमच्या हातून एक मोठी चूक घडली, ती अधिक बोधप्रद आहे. राहिलेलें नांव शोधण्याच्या घाईंत आम्हीं एक आज्ञा अशी दिली कीं, जेथें जेथें जुनें नांव दिसेल तेथें तेथें नवें घालावें. ती आज्ञा संगणकानें तत्परतेनें पाळली, आणि जनरल रजिस्टरांतील सर्व जुन्या विद्यार्थ्यांचीं जन्मस्थळेंही बदलून टाकिलीं! मथळ्यावरचें नांव ही आजची गोष्ट आहे. ती बदलली पाहिजे. जन्मस्थळाची नोंद ही त्या दिवशीं लिहिलेली साक्ष आहे. तिला हात लावण्याचा अधिकार आज्ञावलीस नाहीं. ज्या मुलाच्या जन्मदाखल्यावर एक नांव व शाळेच्या दाखल्यावर दुसरें, त्यास पुढें किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात हें पालकांस सांगावयास नकोच. आदल्या दिवशींची प्रत काढून ठेविलेली होती, म्हणून आम्ही त्या संकटांतून पार पडलों.

३. अक्षरांवर विश्वास ठेवूं नये. ज्ञानोदय पत्र १८४२ सालीं ह्याच नगर शहरांतून निघूं लागलें. त्या काळीं छापखान्यांत खिळे जुळविणारा एकेक अक्षर खणांतून उचलून लावीत असे. चुकीचा खिळा लागला तर तो मुद्रितांत डोळ्यांस दिसे. संगणकांतील अक्षरांचें तसें नाहीं. तेथें प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक असतो. जगांतील लिप्यांना असे क्रमांक देणारी युनिकोड नांवाची पद्धति आहे. तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तींत देवनागरीसाठीं १२८ घरांची एक ओळ राखून ठेविलेली आहे. परंतु 'ॲ' ह्या अक्षरास त्या ओळींत स्वतःचें घर २००८ सालीं मिळालें. तोंपर्यंत लोक 'अ' लिहून त्यावर निराळा चंद्र ठेवीत, व कित्येक कळफलकांवर आजही तसेंच उमटतें. डोळ्यांस दोन्ही रूपें सारखीं दिसतात. संगणकाच्या दृष्टीनें मात्र तीं दोन भिन्न नांवें होत.

आपल्या शाळेंत ॲना, ॲग्नेस, ॲल्बर्ट अशीं नांवें पुष्कळ. एके वर्षीं शिष्यवृत्ति परीक्षेस बसणाऱ्यांची यादी आम्हीं आज्ञावलीकडून करविली. रजिस्टरांतील नांवें एका कळफलकावर लिहिलेलीं, आणि शिक्षकांनीं दिलेली यादी दुसऱ्या. दोहोंचा मेळ घालून जीं नांवें दोन्हींकडे सांपडलीं तेवढीं आज्ञावलीनें छापलीं. यादी वर्गांत वाचून दाखविली तेव्हां एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझें नांव नाहीं." ती वर्गांतील हुशार मुलगी, वर्षभर तिनें अभ्यास केला होता. तिचें नांव 'ॲ' नें सुरू होत होतें. अर्ज पाठविण्यास अद्याप दोन दिवस अवकाश होता, म्हणून सर्व कांहीं ठीक झालें. पण ती मुलगी भिडस्त असती व गप्प राहिली असती, तर काय झालें असतें, हा विचार अजून आम्हांस अस्वस्थ करितो.

ह्यावर उपाय तीन. पहिला, नांव आंत येतांनाच त्याचें एक रूप ठरवून घ्यावें. 'ॲ' प्रमाणेंच 'गोऱ्हे', 'कऱ्हाडे' ह्यांतील 'ऱ' दोन तऱ्हांनीं लिहिला जातो, आणि नांवाच्या मागेंपुढें न दिसणारी मोकळी जागाही राहून जाते. पायथॉनमध्यें रूपें एकसारखीं करण्याचें तयार साधन आहे. परंतु तें 'ॲ' चीं दोन रूपें एक करीत नाहीं, तो नियम आपणच लिहावा लागतो. दुसरा, दोन याद्यांचा मेळ नांवावरून घालूं नये, जनरल रजिस्टरच्या क्रमांकावरून घालावा. आणि तिसरा, आज्ञावलीनें नुसतें काय सांपडलें तें सांगूं नये. काय सांपडलें नाहीं, तेंही सांगावें. वरील प्रसंगीं 'एका नांवाचा मेळ बसला नाहीं' एवढी एक ओळ आमच्या आज्ञावलीनें लिहिली असती, तर त्या मुलीस उभें राहावें लागलें नसतें.

नांवांचा अनुक्रमही असाच फसवा आहे. संगणक क्रमांकाप्रमाणें नांवें लावतो. 'ॲ' उशिरां आल्यामुळें त्याचें घर 'ह' च्याही पुढें आहे. म्हणून नियम न सांगितल्यास ॲना ही यादींत अगदीं शेवटीं जाऊन बसते. 'ळ' चें घर 'ल' च्या पाठोपाठ आहे, आणि 'क्ष' व 'ज्ञ' ह्यांना स्वतंत्र घरेंच नाहींत. तीं 'क' व 'ज' ह्यांच्या पोटीं जातात. आपण पहिल्या इयत्तेंत शिकविलेला क्रम हवा असेल, तर तो संगणकासही शिकवावा लागतो.

४. आंकड्यांवरही विश्वास ठेवूं नये. पायथॉनला ०.१ आणि ०.२ ह्यांची बेरीज विचारा, उत्तर ०.३०००००००००००००००४ असें येतें. विद्यार्थी हें पाहून हंसतात, पण कारण समजून घेण्यासारखें आहे. एकाला तिहींनीं भागलें असतां आपल्या दशमान पद्धतींत ०.३३३ असें करीत कधींच शेवट होत नाहीं. संगणक शून्य व एक ह्या दोनच अंकांत मोजतो, आणि त्याच्या पद्धतींत एक दशांश ही संख्या तशीच न संपणारी आहे. कोठें तरी तोडावें लागतें, व तेथें किंचित् अंतर राहतें. म्हणून फीचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकांत करूं नये. सर्व रक्कम पैशांत, म्हणजे पूर्णांकांत, ठेवावी आणि छापतांना तेवढे रुपये करावे.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट अर्ध्या गुणाची. एका विषयाच्या दोन चांचण्यांची सरासरी काढावयाची होती. एका मुलास दोहोंत मिळून ६९ गुण होते, सरासरी ३४.५. आमची रीत अशी कीं अर्धा गुण वर न्यावा, म्हणजे ३५, आणि ३५ ला विद्यार्थी उत्तीर्ण. आज्ञावलीनें ३४ लिहिले व मुलास अनुत्तीर्ण ठरविलें. आम्ही चकित झालों. शोधाअंतीं कळलें कीं, पायथॉन अर्धा भाग नेहमीं वर नेत नाहीं. जवळच्या सम संख्येकडे नेतो. त्यामुळें ३५.५ चे ३६ होतात, पण ३४.५ चे ३४ होतात. ह्यांत त्या भाषेचा दोष नाहीं. प्रत्येक अर्धा वर नेल्यास मोठ्या हिशेबांत बेरीज थोडी थोडी फुगत जाते, ती फुगूं नये म्हणून हा नियम केलेला आहे. दोष आमचा, कीं आम्हीं तो वाचला नव्हता. आतां आम्ही बेरजेंत एक मिळवितों, दोहोंनीं भागतों व पूर्णांक भाग घेतों : ६९ चे ३५ येतात, ७० चेही ३५ येतात. विद्यार्थ्यांनीं इतर संख्या घेऊन हें स्वतः पडताळून पाहावें.

चूक निकाल लागण्यापूर्वीं सांपडली, ह्याचें श्रेय एका जुन्या संवयीस आहे. नवी आज्ञावली आली तरी त्या वर्षींचे निकाल आम्हीं हातानेंही काढले होते. कोणतीही नवी आज्ञावली निदान एक वर्ष जुन्या वहीच्या शेजारीं चालवावी. दोहोंचें उत्तर जुळेपर्यंत वही बंद करूं नये.

५. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. एका मुलास दोन परीक्षांत ६० व ७० गुण मिळाले, तिसऱ्या परीक्षेस तो आजारामुळें गैरहजर होता. गैरहजेरीस शून्य धरलें, तर सरासरी ४३ च्या आसपास येते. ती परीक्षा वगळली, तर ६५ येते. ह्यांतील कोणतें योग्य हें शाळेच्या नियमांनीं ठरवावें, आज्ञावलीनें नव्हे. म्हणून 'शून्य मिळालें', 'गैरहजर' आणि 'गुण अद्याप भरावयाचे आहेत' ह्या तीन गोष्टींस तीन निराळ्या खुणा ठेवाव्या. तारखांचेंही तसेंच. ५/६/२०१२ ही जून महिन्याची पांच तारीख कीं मे महिन्याची सहा, हें संगणक आपल्या समजुतीप्रमाणें ठरवितो. जन्मतारीख नेहमीं वर्ष, महिना, दिवस अशा एकाच क्रमानें सांठवावी, आणि पडद्यावर महिन्याचें नांव अक्षरांत दाखवावें.

६. वीज जाणार, हें धरूनच चालावें. भारनियमनाची व पावसाळ्यांतील विजेच्या लपंडावाची आपणां सर्वांस ओळख आहेच. फाईल लिहिली जात असतां मध्येंच वीज गेली, तर जुनी फाईल अर्धी पुसलेली व नवी अर्धी लिहिलेली अशी अवस्था होते. म्हणून जुन्या फाईलवर कधींही लिहूं नये. नवी फाईल निराळ्या नांवानें पूर्ण लिहावी, ती नीट उघडते असें पाहावें, आणि मगच तिला जुनीच्या जागीं बसवावें. ह्याहून उत्तम म्हणजे एसक्यूलाइट ह्या नोंदवहीसारख्या साधनाचा उपयोग करावा. रिचर्ड हिप ह्यांनीं तें २००० सालीं निर्माण केलें व सर्वांस मोफत दिलें. त्यांत एक व्यवहार एक तर पुरा होतो, नाहीं तर मुळींच होत नाहीं; अर्धवट राहत नाहीं.

प्रत काढून ठेवावी हें सर्वच सांगतात. आम्ही इतकेंच जोडतों कीं, ती प्रत दुसऱ्या इमारतींत असावी, आणि तिजवरून काम पुन्हां उभें राहतें कीं नाहीं हें वर्षांतून दोनदां तरी करून पाहावें. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच. आज्ञावलीच्या मजकुराच्याही जुन्या प्रती ठेवाव्या. त्यासाठीं लिनस टोरव्हाल्ड्स ह्यांनीं २००५ सालीं केलेलें गिट नांवाचें साधन आहे. आज काय बदललें व कां बदललें हें त्यांत एका ओळींत लिहून ठेवलें, म्हणजे सहा महिन्यांनीं आपलेंच लिहिणें आपणांस परकें वाटत नाहीं. मात्र प्रयोगासाठीं खऱ्या मुलांची माहिती कधींही घरीं नेऊं नये किंवा कोणास पाठवूं नये. कल्पित नांवांची एक यादी करावी, व तींत 'ॲ', 'ऱ', २९ फेब्रुवारीची जन्मतारीख आणि गैरहजर विद्यार्थी हे सर्व मुद्दाम घालावे.

७. माणसाशीं माणसासारखें बोलावें. आमच्या आज्ञावलीच्या पहिल्या अवस्थेंत चूक झाली म्हणजे पडद्यावर एक इंग्रजी वाक्य व एक क्रमांक येई. भाऊसाहेब तें पाहून घाबरत, आणि जें बटण प्रथम दिसेल तें दाबून मोकळे होत. आतां तेथें 'जन्मतारीख भरावयाची राहिली आहे. भरल्यावर पुन्हां जतन करा' असें शुद्ध मराठींत येतें. चूक करणाऱ्यास दोष न देतां पुढें काय करावें तें सांगणें, हें चांगल्या शिक्षकाचें लक्षण आहे, तसेंच चांगल्या आज्ञावलीचेंही आहे.

चुकांची एक वही ठेवावी. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क दोन ह्या यंत्रांत ९ सप्टेंबर १९४७ रोजीं एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो काढून नोंदवहींत चिकटविला व खालीं टीप लिहिली. तें पान तेथील राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांत अजून जपून ठेविलेलें आहे. आमच्या वहींत पतंग नाहींत. पण दोनदां आलेली एक मुलगी आहे, बदललेलीं जन्मस्थळें आहेत, आणि अर्ध्या गुणासाठीं अडलेला एक मुलगा आहे.

पालकांस शेवटीं एक विनंति. आपलें मूल संगणकासमोर बसून कांहीं लिहीत असलें, तर "काय करतोस तें मला समजावून सांग" असें त्यास म्हणावें, व तें सांगेल तें शांतपणें ऐकावें. आपणांस त्यांतलें कांहींच समजलें नाहीं तरी चालेल. दुसऱ्यास समजावून सांगतां सांगतां आपली चूक आपणांसच दिसूं लागते. आमच्या कित्येक चुका अशाच, घरच्या माणसांस सांगतां सांगतां सांपडल्या आहेत.

आणि विद्यार्थ्यांस इतकेंच सांगावयाचें कीं, संगणक आपण सांगितलें तेवढेंच करितो. आपल्या मनांत होतें तें करीत नाहीं. त्याला मुलगी दिसत नाहीं, क्रमांक दिसतो. तेव्हां त्या क्रमांकामागें कोण आहे ह्याची आठवण ठेवणें, हें काम आज्ञावली लिहिणाराचें आहे. तें ज्यास साधेल, त्याच्या हातची आज्ञावली लहान असली तरी लोकांच्या उपयोगी पडेल.